कलम विकावं खात्रीचं

वर्धा जिल्ह्यातला आर्वी, आष्टी, कारंजा हा संत्र्याचा पट्टा. इथली रोपवाटिका स्वस्ताईवर नव्हे, खात्रीवर वाढते. कारण कलमाचा दोष लगेच दिसत नाही: झाड फळावर यायला पाचेक वर्षं लागतात आणि डिंक्या रोग रोपाच्या मातीतूनही बागेत शिरतो. म्हणून निरोगी मातृवृक्षाचा डोळा जंभेरीच्या खुंटावर जमिनीपासून वीतभर उंच भरावा, पिशवीत निर्जंतुक केलेली माती घालावी आणि प्रत्येक विक्रीची नोंद ठेवावी.

शेतकरी स्वस्त कलमच मागतो, असा आक्षेप येईल. पण चार पैसे वाचवून पाच वर्षं गमावणं कोणालाच परवडत नाही. गिऱ्हाइकाला कलमाचा जोड आणि मुळं दाखवून हे समजावून सांगा. फळाला आलेली एक बाग पंचक्रोशीत तुमचं नाव करील.