सुलतानी दुष्काळ आणि जगाची मदत



दुष्काळ म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पाऊस चुकला, विहिरी आटल्या, गुरे छावणीत गेली, माणसे खडी फोडायला गेली, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. परंतु आज आम्हांला ज्या दुष्काळाविषयी बोलावयाचे आहे, तो या जातीचा नव्हे. आपल्या जुन्या लोकांनी संकटांचे दोन वर्ग केले होते: एक अस्मानी आणि दुसरे सुलतानी. आकाशातून कोसळते ते अस्मानी आणि राजसत्तेच्या हातून होते ते सुलतानी. पुष्कळ वेळा ही दोन्ही एकत्र येतात. १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये जो भयंकर दुष्काळ पडला, ज्यात तुकोबांचा संसार धुळीस मिळाला, त्या वेळी पाऊस तर गेला होताच, पण शहाजहानच्या फौजाही याच मुलखात वावरत होत्या.

निव्वळ अस्मानी संकट आले तर काय करता येते, याचेही उदाहरण आपल्या घरचेच आहे. १९७२ साली या राज्यात पाण्याचे आणि पिकांचे जे हाल झाले ते पूर्वीच्या कोणत्याही मोठ्या दुष्काळापेक्षा कमी नव्हते. तरी १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती, बाहेरून धान्य येत होते, आणि म्हणून जुन्या दुष्काळांत गावेच्या गावे ओस पडत, तसे या वेळी झाले नाही. हाल पुष्कळ झाले. मृत्यूचे थैमान मात्र टळले. शासनाने मनावर घेतले आणि धान्य वाहून नेण्याचे रस्ते खुले असले, तर पावसाच्या कोपालाही आवर घालता येतो, एवढे यावरून सिद्ध होते.

पण रस्ताच कोणी अडवला असेल तर? धान्य आहे, पैसा आहे, द्यायची इच्छाही आहे, आणि वाटेत सैन्य उभे आहे, अशा वेळी जगाने काय करावे? आजच्या व्याख्यानाचा प्रश्न हाच आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही तीन ठिकाणांची हकीकत तुमच्यापुढे ठेवणार आहोत.

पहिले ठिकाण ग्रीस. हा डोंगराळ देश युद्धापूर्वीही आपल्या गरजेचे बरेचसे धान्य समुद्रमार्गे बाहेरून आणीत असे. १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन सैन्य तेथे शिरले, आणि मग जर्मनी, इटली व बल्गेरिया या तिघांनी देश वाटून घेतला. उत्तरेकडील चांगला धान्य पिकवणारा भाग बल्गेरियाच्या ताब्यात गेला आणि तेथला दाणा अथेन्सला येईनासा झाला. जिंकणाऱ्यांनी कोठारे रिकामी केली. आणि समुद्रावर ब्रिटनची नाकेबंदी होती. शत्रूच्या ताब्यातील कोणत्याही प्रदेशात अन्न जाऊ द्यायचे नाही, असा तिचा नियम होता.

येथे दोन्ही पक्षांचे म्हणणे लक्षात घेण्यासारखे आहे. ब्रिटन म्हणे, जिंकलेल्या प्रजेला पोसणे हे जिंकणाऱ्याचे कर्तव्य आहे. आम्ही धान्य पाठवले तर तेवढेच शत्रूचे धान्य वाचेल. जर्मनी म्हणे, समुद्र तुम्ही अडवला आहे, तेव्हा लोक मरतात त्याचा जाब तुम्हीच द्या. वकिली दृष्टीने पाहिले तर दोन्ही युक्तिवाद चोख होते. त्या दोन युक्तिवादांच्या मधल्या जागेत १९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्स आणि आसपासच्या भागात हजारो माणसे मेली. सकाळी गाड्या फिरवून रस्त्यांवरची प्रेते गोळा करावी लागत. पुढे सबंध युद्धकाळात ग्रीसमध्ये भुकेने मेलेल्यांचा अंदाज सुमारे तीन लाखांपर्यंत जातो.

सर्वांत आधी हात पुढे केला तो तुर्कस्तानने. तुर्क आणि ग्रीक यांचे वैर किती जुने आहे हे आपण जाणता. तरीही 'कुर्तुलुश' नावाची एक जुनी आगबोट १९४१ च्या ऑक्टोबरपासून इस्तंबूलहून अन्न घेऊन पिरीअस बंदराला जाऊ लागली. चार खेपा झाल्या, आणि १९४२ च्या जानेवारीत पाचव्या खेपेला ती मार्माराच्या समुद्रात बुडाली. एका आगबोटीने देश जगत नाही. पण बोट जाऊ शकते, एवढे तिने दाखवून दिले. अमेरिकेतल्या ग्रीक लोकांनी आवाज उठवला. इंग्लंडमध्येही लोक स्वतःच्याच सरकारला जाब विचारू लागले. ५ ऑक्टोबर १९४२ रोजी ऑक्सफर्ड येथे काही धर्मोपदेशक, प्राध्यापक आणि नागरिक एकत्र आले व त्यांनी एक दुष्काळ निवारण समिती स्थापन केली. तीच आज 'ऑक्सफॅम' या नावाने जगभर ओळखली जाते. आज ही संस्था निधी जमवते आणि साहाय्य पोचवते. पण तिचा जन्म झाला तो आपल्याच देशाच्या नाकेबंदीत भुकेल्यांसाठी वाट करून मागण्यासाठी, हे विसरता कामा नये.

एव्हाना ब्रिटनने धोरण बदलले होते आणि उपाय सुरूही झाला होता. गहू कॅनडाचा, जहाजे तटस्थ स्वीडनची, आणि वाटपावर देखरेख स्वीडिश व स्विस माणसांची. दोन्ही लढणाऱ्या पक्षांनी जहाजांना अभय दिले. १९४२ च्या उन्हाळ्याच्या अखेरीपासून दरमहा सुमारे पंधरा हजार टन गहू ग्रीसला पोचवण्याची व्यवस्था झाली. उपासमार पुरती संपली नाही, पण पहिल्या हिवाळ्यासारखा हिवाळा अथेन्सने पुन्हा पाहिला नाही. युद्ध चालू होते, नाकेबंदीही कायम होती. तिच्यात भुकेल्यांसाठी फक्त एक दार उघडले होते.

आता दुसरे ठिकाण. ते पाहण्यासाठी परदेशी जावयास नको. ग्रीसला कॅनडाचा गहू जात होता, त्याच १९४३ साली बंगालमध्ये लोक कलकत्त्याच्या फुटपाथवर मरत होते. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्य आले तर त्याला काही मिळू नये म्हणून बंगालच्या किनारपट्टीवरील तांदूळ हलवण्यात आला आणि नावा काढून घेण्यात आल्या. नदीनाल्यांच्या त्या मुलखात नाव म्हणजे बैलगाडी, बाजार आणि पोट, सर्व काही होते. १९४२ च्या ऑक्टोबरात मेदिनीपूरकडे मोठे वादळ झाले. सैन्यावरील खर्चाने पैसा ओसंडू लागला, भाव कडाडले, साठेबाजांनी दाणा दाबून धरला. अमर्त्य सेन यांनी पुढे असे दाखवून दिले की, १९४३ साली बंगालमध्ये एकूण धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते. शेतमजूर, कोळी, नावाडी यांच्या हातांतून ते विकत घेण्याची ऐपत निघून गेली होती. मृतांचा आकडा सरकारी चौकशी आयोगाने पंधरा लाख धरला; नंतरच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांच्या घरात नेला.

या दुष्काळात नाकेबंदी करणारा शत्रू नव्हता. दार राज्यकर्त्यांच्याच हातात होते. जुन्या दुष्काळ संहितेप्रमाणे दुष्काळ जाहीर करावयाचा, म्हणजे कामे व अन्नवाटप सुरू करणे सरकारवर बंधनकारक होते. तो जाहीर झालाच नाही. मुंबईत १९४३ साली रेशनिंग सुरू झाले. कलकत्त्यात ते यायला १९४४ उजाडले. कॅनडाने एक लाख टन गहू देऊ केला, तर लंडनहून उत्तर आले की जहाजे मोकळी नाहीत. ग्रीससाठी जहाजे सापडली, बंगालसाठी सापडली नाहीत. याचे कारण समुद्राच्या अंतरात शोधण्यापेक्षा निर्णयाच्या मेजाभोवती कोण बसले होते यात शोधावे, असे आम्हांला वाटते. ग्रीसचे निर्वासित सरकार दोस्तांच्या दरबारात बोलत होते, त्यांचे बांधव अमेरिकेत मतदार होते. बंगालच्या शेतमजुराच्या वतीने त्या मेजापाशी बोलण्याचा अधिकार असलेला कोणीही नव्हता.

तिसरे ठिकाण आफ्रिकेतले, बायाफ्रा. १९६७ च्या मे महिन्यात नायजेरियाचा पूर्व भाग फुटून निघाला आणि जुलैत यादवी सुरू झाली. १९६८ च्या मेमध्ये पोर्ट हारकोर्ट हे बंदर पडले आणि बायाफ्रा चारी बाजूंनी वेढला गेला. आपल्याकडे किल्ल्याला वेढा घालून रसद तोडीत असत. येथे किल्ल्याच्या जागी लाखो रयतेचा मुलूख होता. प्रथिने न मिळाल्याने पोट फुगलेल्या, केस तांबूस झालेल्या मुलांची छायाचित्रे जगभर छापली गेली. चर्चसंस्थांनी आणि रेडक्रॉसने विमाने उभी केली. उली या गावाजवळ हमरस्त्याचाच एक भाग धावपट्टी म्हणून वापरीत, आणि तेथे रात्रीच्या काळोखात विमाने उतरत. एकट्या चर्चसंस्थांच्या विमानांनी पाच हजारांवर खेपा करून सुमारे साठ हजार टन मदत पोचवली. त्या वैमानिकांच्या धैर्यापुढे मस्तक लववावे तेवढे थोडे.

परंतु धैर्याला प्रणाम करून थांबणे योग्य होणार नाही. त्याच धावपट्टीवर, त्याच काळोखात शस्त्रेही उतरत होती. नायजेरियाचे सरकार म्हणे, दिवसा या, विमाने तपासू द्या किंवा खुश्कीच्या मार्गाने धान्य न्या. बायाफ्राचे नेते म्हणत, दिवसाच्या विमानांआडून हल्ला होईल, आणि शत्रूच्या हातून आलेल्या अन्नात विष असेल. ५ जून १९६९ रोजी रेडक्रॉसचे एक विमान पाडण्यात आले आणि रेडक्रॉसची उड्डाणे जवळजवळ थांबली. संयुक्त राष्ट्रसंघाने हा नायजेरियाचा अंतर्गत प्रश्न मानला. १९७० च्या जानेवारीत बायाफ्रा शरण गेला. मृतांचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत आहेत. त्या मदतीने प्राण वाचवले की युद्धाचे आयुष्य वाढवले, हा वाद आजतागायत मिटलेला नाही. आम्हांला वाटते, तिने दोन्ही केले. ग्रीसमध्ये उभय पक्षांनी मान्य केलेला मार्ग होता. येथे चोरवाट होती. चोरवाटेने जे जाते ते भुकेला पुरत नाही आणि संशयालाही मिटवीत नाही.

श्रोतेहो, या तिन्ही ठिकाणी धान्य जगात होते. दुर्मिळ होती ती परवानगी. मग ती परवानगी द्यायला भाग पाडणारा कायदा आहे काय? याबाबतीत मानवजात फार हळू शहाणी झाली आहे. अमेरिकेतील यादवीत, १८६३ साली तयार झालेल्या युद्धसंहितेत शत्रूपक्षाच्या सशस्त्र वा निःशस्त्र माणसांना उपाशी मारणे कायदेशीर ठरवले होते. १९४९ च्या जिनीव्हा करारात अन्नाला वाट देण्याचे कलम आले, पण ते मुख्यतः पंधरा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व बाळंतिणी यांच्यापुरते, आणि त्यालाही पुष्कळ पळवाटा. नागरिकांना उपाशी ठेवणे हे युद्धाचे साधन म्हणून वापरता येणार नाही, असे स्वच्छ शब्दांत लिहिले गेले ते १९७७ च्या पुरवणी करारांत. १९९८ च्या रोम येथील करारात ते गुन्हा ठरले, आणि यादवी युद्धांनाही ते लागू करण्याची दुरुस्ती २०१९ साली झाली. मध्यंतरी २०१८ च्या मे महिन्यात सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४१७ एकमताने संमत करून अशा उपासमारीचा निषेध केला.

कागदावर पाहिले तर काम पूर्ण झाले असे वाटेल. पण कागदाखालची जमीन पाहा. सुदानमध्ये २०२३ च्या एप्रिलपासून दोन सेनापतींचे युद्ध पेटले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दारफूरमधील झमझम छावणीत तज्ज्ञांनी दुष्काळ जाहीर केला, आणि शेजारच्या अल फाशर शहराला वेढा पडलेला होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गाझा शहर व परिसरात दुष्काळ असल्याचा निर्वाळा देण्यात आला. धान्याचे ट्रक सरहद्दीपलीकडे उभे होते. बाजू कोणाची न्याय्य, याविषयी या सभागृहातही मतभेद असतील, आणि ते असू द्यावेत. आमचे म्हणणे इतकेच की मुलाच्या तोंडातला घास ही कोणत्याही बाजूची तोफ होऊ शकत नाही.

आता तुम्ही विचाराल, आमच्या गावातल्या माणसाने यात काय करावे? निधीची झोळी आली तर जरूर दान टाकावे. अन्नदानाचे महत्त्व या भूमीला कोणी शिकवावयास नको. पण दान टाकताना तीन प्रश्न विचारावेत: वाट कोणी अडवली आहे? ती उघडण्याचे वजन कोणापाशी आहे? आणि तेथे आपला देश काय बोलतो आहे? भारताने १९४९ चे जिनीव्हा करार स्वीकारले आहेत. परंतु १९७७ च्या पुरवणी करारांत आणि रोमच्या करारात तो सामील नाही. त्याला काही कारणे सांगितली जातात, त्यांचा विचार अवश्य व्हावा. पण ज्या देशाने बंगाल पाहिला, त्या देशाने भुकेच्या हत्याराविरुद्ध सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने बोलावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. ऑक्सफर्डमध्ये १९४२ साली जमलेली माणसे आपल्यासारखीच होती. आणि ती जाब विचारीत होती ती स्वतःच्या सरकारला.

अस्मानी संकटाला मनुष्य पुरता जबाबदार नसतो. सुलतानी संकट मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत माणसाच्या हुकमाने चालते, म्हणून ते माणसाच्या हुकमाने थांबवताही येते. तो हुकूम निघावा असा आग्रह धरणारे लोक गावोगावी असले, तरच तो निघतो.