सुईचे श्रम आणि श्रमाचे मोल
(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



डिसेंबर १९७१ च्या युद्धात भारतीय सैन्याने सिंधमधील थरपारकर जिल्ह्याचा मोठा भाग व्यापला. जुलै १९७२ च्या सिमला करारानंतर तो मुलूख पाकिस्तानला परत देण्यात आला. परंतु सोढा राजपूत, मेघवाळ आदी जमातींचे जे हजारो लोक सीमा ओलांडून राजस्थानात व गुजरातेत आले होते, ते येथेच राहिले. त्यांपैकी अनेक कुटुंबे कच्छमध्ये झुरा, सुमरासर अशा गावी वसली. जमीन मागे राहिली. स्त्रियांनी बरोबर आणले ते लग्नातील भरतकामाचे कपडे आणि बोटांतील विद्या.

त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुलगी आज साठी ओलांडून गेली आहे. अशा स्त्रीचे अवघे आयुष्य सुई-दोऱ्यात गेले. ते श्रम कोणते, हे आधी समजून घेऊ. 'सूफ' म्हणजे त्रिकोण. या भरतकामात कापडावर नक्षी आखून घेत नाहीत. ताण्याबाण्याचे धागे मोजीत उलट्या बाजूने टाके घालावयाचे आणि आकृती सुलट बाजूस उमटवावयाची. एक धागा चुकला, की पुढची रचना बिघडते. 'खारेक' प्रकारात प्रथम धागे मोजून काळ्या चौकटी उभ्या करतात, मग त्या भरून काढतात. 'पक्को' नावाप्रमाणेच दाट आणि टिकाऊ. हे शिक्षण शाळेत नव्हे, आई-आजीच्या शेजारी बसून मिळते.

मुळात हे काम विक्रीसाठी नव्हतेच. घागरा, कांचळी, तोरण, थैली हे सारे लेकीच्या लग्नासाठी आणि सोयऱ्यांच्या मानपानासाठी असे. निर्वासितपणाने त्याचे रूप पालटले. पोटासाठी जुने कपडे व्यापाऱ्यांच्या हाती गेले, आणि नवे काम नगावर मिळू लागले. उपयोगाची वस्तू बाजाराची वस्तू झाली. सोढा स्त्रिया पडद्यात राहणाऱ्या. त्यांना बाजारात जाता येईना, म्हणून मधला दलाल भाव ठरवू लागला. रूढीचे बंधन आणि बाजाराची पिळवणूक यांनी अशी हातमिळवणी केली.

या परिस्थितीत काही चांगले प्रयत्नही झाले. १९६९ च्या दुष्काळात चंदाबेन श्रॉफ यांनी कच्छी स्त्रियांना भरतकाम देऊन 'श्रुजन'चा पाया घातला. १९९३ साली सुमरासर शेख येथे 'कला रक्षा' ही संस्था उभी राहिली. दलालाला वगळून स्त्रीच्या हाती पैसा येऊ शकतो, हे अशा संस्थांनी दाखविले. त्यांचे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते, की संस्थेच्या सद्भावनेपुरता मिळणारा न्याय हा हक्क नव्हे.

'फावल्या वेळचा उद्योग आहे, त्याला मजुरी ती काय?' असा आक्षेप नेहमी घेतला जातो. पण हा फावला वेळ येतो कोठून? पाणी, चूल, गुरे, मुले यांतून ओढून काढलेला तो वेळ आहे. त्याला 'कला' म्हणून मखरात बसविले काय आणि 'छंद' म्हणून उडवून लावले काय, परिणाम एकच: तासांचा हिशेब होत नाही.

सोलापूरच्या विडी वळणाऱ्या भगिनींचा अनुभव येथे उपयोगी पडावा. त्यांचेही काम घरीच चाले. तरीही १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विडी वळणारीला कामगारांत गणले. उंबरठ्याच्या आत केलेले श्रम हेही श्रमच, हे तत्त्व आपल्या देशात तेव्हाच मान्य झाले. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार संमत केला; त्याला भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही.

धागे मोजून मोजून डोळे थकतात. ज्या वयात हात सर्वाधिक कुशल असतो, त्याच वयात दृष्टी साथ सोडते आणि कमाई थांबते. लेकींनी ही विद्या घ्यावी असे आपण म्हणतो; पण तीत पोट भरत नसेल, तर त्यांनी ती का घ्यावी?

म्हणून मागणी साधी आहे. कामाचे तास मोजून दर ठरवा, तिला कामगार म्हणून ओळखपत्र द्या, डोळ्यांच्या उपचाराची व वृद्धापकाळाच्या वेतनाची सोय करा. आणि सोढा व मेघवाळ स्त्रिया एकाच सतरंजीवर बसून आपला दर सांगतील, अशी संघटना बांधा. भरतकामाची सुलट बाजू साऱ्या जगाने पाहिली आहे. उलट्या बाजूचे श्रम लोकांपुढे मांडणे हे आपले काम आहे.