समुद्राच्या नकाशावरील अंतर

मुंबईहून सुरतेस जाताना सचिन मागे पडले की भेस्तान स्थानक लागते. तेथून पश्चिमेस काही कोसांवर डुमसचा किनारा आहे. भेस्तानच्या शाळकरी मुलाच्या कंपासपेटीत दोन अणकुचीदार पायांचे कर्कटक असते. खंबातच्या आखातात शिरणाऱ्या जहाजावरील अधिकाऱ्याच्या हातीही तेच साधन असते. मुलाची चूक वहीत राहते. अधिकाऱ्याची चूक जहाजाला वाळूवर चढविते.

नकाशाचे प्रमाण म्हणजे काय? १ : ५०,००० असे लिहिले असल्यास कागदावरील एक सेंटिमीटर म्हणजे पाण्यावरील अर्धा किलोमीटर. १ : ३,००,००० असल्यास तोच सेंटिमीटर तीन किलोमीटरांचा होतो. आकडा मोठा, पण प्रमाण लहान! अर्धा किलोमीटर रुंदीचा वाळूचा दांडा पहिल्या नकाशावर एक सेंटिमीटर भरतो. दुसऱ्यावर दोन मिलिमीटरही नाही. म्हणूनच किनारा जवळ येताच मोठ्या प्रमाणाचा नकाशा उघडावा, असा नाविकांचा दंडक आहे.

अंतर मोजण्यास मात्र साधी पट्टी पुरत नाही. गेरहार्ड मर्केटर याने १५६९ साली जगाचा नकाशा ज्या पद्धतीने काढला, तीत विषुववृत्तापासून दूर जावे तसतसे प्रमाण वाढत जाते. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर. तेव्हा कर्कटकाची टोके दोन ठिकाणांवर ठेवावीत आणि तेवढेच अंतर नकाशाच्या उभ्या कडेवरील अक्षांशांवर, तेही त्या पाण्याच्या अगदी समोर, ताडून पाहावे. खालच्या कडेवरील रेखांशांवर कधीही मोजू नये. भेस्तान सुमारे २१ अंश उत्तरेस आहे. तेथे रेखांशाची ३० मिनिटे म्हणजे अवघे २८ सागरी मैल. ती तीस समजणारे, ताशी दहा मैलांनी चालणारे जहाज उथळ पाण्यापाशी बारा मिनिटे आधीच पोहोचेल. भरती-ओहोटीची ओढ जबर आणि वाळूचे दांडे जागा बदलणारे, अशा या आखातात बारा मिनिटे थोडी नव्हेत.

आपल्या किनाऱ्याचे हे नकाशे देहरादून येथील नौदलाच्या कार्यालयात तयार होतात. आता ते पडद्यावरही आले आहेत आणि हिशेब यंत्र करते. परंतु लहान प्रमाणाचा नकाशा पडद्यावर कितीही मोठा केला, तरी त्यात पाण्याची एकही नवी खोली उमटत नाही. जे मोजलेच नाही, ते दिसणार कोठून? म्हणून प्रमाण कोणते हे आधी विचारावे. अंतर किती हे मागाहून.