अडगळीतली सायकल, कामाची सायकल

सायकल असलेला सुतार लांबची कामं घेऊ शकतो, पायी फिरणारा घेऊ शकत नाही. इक्वेडोरमध्ये स्वयंसेवक असताना हे पाहिलेल्या डेव्हिड श्वाइडनबॅक यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत ‘पेडल्स फॉर प्रोग्रेस’ ही संस्था काढली. घरोघरी धूळ खात पडलेल्या सायकली गोळा करायच्या, पेडल काढून, हँडल फिरवून त्या कंटेनरमध्ये दाटीवाटीने रचायच्या आणि परदेशी पाठवायच्या, हे तिचं काम. आजवर अशा दीड लाखांवर सायकली गेल्या आहेत.

फुकटच्या मालाने तिथल्या दुकानदारांचा धंदा बसेल आणि सुट्या भागांअभावी सायकली पुन्हा भंगारात जातील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच तिथल्या भागीदार संस्था त्या दुरुस्त करून माफक किमतीला विकतात. त्यातून मेकॅनिकची मजुरी सुटते आणि पुढच्या वाहतुकीलाही हातभार लागतो. नामिबियात तर रिकाम्या कंटेनरमध्येच दुरुस्तीची दुकानं उभी राहिली. दुरुस्तीची सोय नसेल, तर असं दान फार दिवस टिकत नाही. तेव्हा सायकल देणाऱ्याने सोबत टायर, ट्यूब, चेन आणि वाहतुकीचा थोडा खर्चही जरूर द्यावा.