रिकाम्या फेरीचे भाडे



विमानातून उतरावे, मोबाइलवरून टॅक्सी बोलवावी आणि शहर गाठावे, यात व्याख्यान देण्यासारखे ते काय, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु ज्या व्यवहारात रोज तंटे होतात, त्यात कोठे तरी एखादे गणित सुटावयाचे राहिलेले असते. ते गणित आपल्यापुढे मांडावे, एवढाच माझा आजचा हेतू आहे.

प्रथम मोठ्या शहराकडे पाहू. मुंबईच्या विमानतळावर दिवसरात्र विमाने उतरतात. उतारूस सोडावयास गेलेल्या टॅक्सीला परतीचा उतारू तेथेच मिळतो. उबर 2009 साली सॅन फ्रान्सिस्कोत निघाली, ओला 2010 साली मुंबईत. जवळची गाडी जवळच्या उतारूला नेमून द्यावयाची, ही या कंपन्यांची रीत गजबजलेल्या शहरांत वाढली. त्या रीतीत एक गोष्ट गृहीत आहे. ती ही की, जवळपास गाडी असतेच.

आता आपल्या ओझरला या. शहरापासून हा विमानतळ आग्रा रस्त्याने सुमारे 20 किलोमीटर दूर. विमाने मोजकी आणि ठरावीक वेळेची. एक विमान उतरले की शेपन्नास माणसे एकदम दाराशी येतात. अर्ध्या तासाने तेथे शुकशुकाट. टॅक्सीवाल्याने एक तर तासन् तास वाट पाहत बसावे, नाही तर शहरातून रिकाम्या गाडीने 20 किलोमीटर यावे. मग मोबाइलवर काय दिसते? गाडी उपलब्ध नाही. किंवा आहे, पण गर्दीच्या वाढीव दराने. किंवा चालकाने फेरी स्वीकारली आणि पाच मिनिटांनी मोडली. उतारू म्हणतो, चालक लबाड आहे. चालक म्हणतो, उतारूला माझ्या पेट्रोलची जाणीव नाही. दोघांच्याही म्हणण्यात अर्धे सत्य आहे. खरा प्रश्न एकच : रिकाम्या फेरीचे पैसे कोणी द्यावयाचे?

कायदा याविषयी काय सांगतो? केंद्र सरकारने 2025 साली या कंपन्यांसाठी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांचा अंमल राज्यांनी करावयाचा आहे. गर्दीच्या वेळी मूळ दराच्या दुपटीपर्यंत भाडे घेण्यास त्यांत मुभा आहे. चालकाची स्वतःची गाडी असल्यास भाड्यातील किमान 80 टक्के त्याला मिळावेत, असेही म्हटले आहे. आणि रिकाम्या फेरीविषयी? उतारू जेथे बसला तेथपासून जेथे उतरला तेथपर्यंतचेच भाडे घ्यावे. 3 किलोमीटरांहून कमी अंतराची फेरी तेवढी याला अपवाद. उतारूच्या दृष्टीने नियम रास्त आहे. पण त्याने खर्च नाहीसा होत नाही. कंपनी आपला वाटा भरलेल्या फेरीतून घेते. रिकाम्या फेरीचा भार चालकाच्या माथी राहतो. त्याला तो पेलत नाही, म्हणून तो फेरी मोडतो. मोडलेल्या फेरीच्या मुळाशी पुष्कळदा हे गणित असते, केवळ उर्मटपणा नव्हे.

शेजारच्या गोव्यात हाच तंटा उघड्यावर आला. दाबोळीचा विमानतळ पणजीपासून सुमारे 30 किलोमीटर. मोप्याचा, जेथून 5 जानेवारी 2023 रोजी विमाने उडू लागली, तोही तितकाच दूर. 2018 साली तेथे पर्यटन विकास महामंडळाच्या पाठिंब्याने ‘गोवा माइल्स’ ही मोबाइलवरची सेवा सुरू झाली आणि स्थानिक टॅक्सीवाल्यांनी तिला कडाडून विरोध केला. पाहुण्याला ठरलेला दर हवा होता. गावच्या माणसाला आपल्या दारचा धंदा हातचा जाऊ द्यावयाचा नव्हता. यांपैकी एकच बाजू न्यायाची आहे, असे छातीठोकपणे कोण म्हणू शकेल?

नाशिककरांना हा प्रश्न नवा नाही. आगगाडी आली तेव्हाही स्टेशन गावापासून कोसांवर राहिले. त्यावर आपल्या पूर्वजांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, नाशिकरोडपासून गावापर्यंत ट्राम घातली. आरंभी ती घोडे ओढीत. ती पुढे बंद पडली. परंतु तिच्यामागचा विचार ध्यानात घ्यावा. फेरीचा खर्च एकावर न टाकता तो पुष्कळांत वाटला होता. आजच्या सेवेला इंग्रजीत वाटून घेतलेल्या प्रवासाचे नाव आहे खरे, पण गाडीत बहुधा एकटाच उतारू असतो आणि वाटून घेतलेले काहीच नसते!

मग करावयाचे काय? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, विमानांच्या वेळा पाहून सुटणारी बस. तिच्यात रिकाम्या फेरीचा भार चाळीसजणांत विभागला जातो. दुसरी, लहान विमानतळासाठी परतीचा काही अंश धरून ठरविलेले आणि दाराशी ठळक अक्षरांत लावलेले भाडे. म्हणजे उतारू नाडला जाणार नाही आणि चालकही बुडणार नाही. तिसरी गोष्ट आपल्या हातची आहे. एकाच विमानाने आलेल्या आणि एकाच बाजूला जाणाऱ्या दोघातिघांनी एक गाडी करावी. गाडीचा क्रमांक ताडून पाहावा, सांकेतिक आकडा गाडीत बसल्यावरच सांगावा, जास्त पैसे मागितले तर तक्रार अवश्य करावी. पण तक्रार करताना समोरचा माणूस 20 किलोमीटर रिकामा आला आहे, याचा विसर पडू देऊ नये.

शहराची परीक्षा पाहुण्याच्या पहिल्या तासात होते. तो तास तंट्यात जाऊ नये, ही जबाबदारी एकट्या टॅक्सीवाल्याची नाही. ती शासनाची, कंपन्यांची आणि आपणा नागरिकांचीही आहे.