थंड मुलखातील केळ

केळ म्हटली की पाटाचे पाणी आणि दमट ऊन आपल्या डोळ्यांपुढे येते. तथापि जेथे हिवाळ्यात दहिवर गोठते, त्या इंग्लंडातही केळीची पाने डोलतात. ससेक्समधील ग्रेट डिक्स्टर येथे जुनी गुलाबबाग काढून ख्रिस्तोफर लॉइड यांनी १९९३ साली केळी, कर्दळी व डेलिया लावल्या.

हे साधते कसे? ज्याला आपण केळीचे खोड म्हणतो, तो एकात एक गुंडाळलेल्या सोपटांचा स्तंभ होय. खरे खोड म्हणजे जमिनीतील कंद. पाने काळवंडली तरी कंद राहिला, तर केळ राहिली. म्हणून तिकडे मुसा बासजू ही मूळची चीनची काटक जात लावतात. जागा वाऱ्याच्या आडोशाची व निचऱ्याची हवी. थंडीचा कडाका सुरू झाला की पाने छाटून खोडाभोवती पेंढा बांधावयाचा आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर द्यावयाचा. वसंतात तो सोडला की नवा पोंगा वर येतो.

या जातीचे फळ बियांनी भरलेले, खाण्याच्या कामाचे नव्हे. सतराव्या शतकातील जपानी कवी बाशो यांनी याच केळीवरून आपले नाव घेतले, तेही तिच्या पानांच्या ओढीने.

आपल्या जळगावच्या बागाईतदाराला ही यातायात व्यर्थ वाटेल. तो घड मोजणारा. परंतु घड उतरल्यावर मुनव्यावर पुढचे पीक धरतो, तोही त्याच कंदाच्या भरवशावर!