सोमवार ते शनिवार



 १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक अहिल्यानगरातून सुरू झालं. कवी रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराची काही वर्षं इथे गेली. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ साली इथे कॉलेज काढलं. या वारशाचा आम्हा नगरकरांना अभिमान आहे. पण रोजच्या कामातली श्रद्धा या आजच्या विषयाला धरून मला आठवण होते ती याच जिल्ह्यातल्या जामखेडची.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, पुढे अमेरिकेत जाऊन आलेले. शहरात दवाखाना थाटला असता तरी त्यांना कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी दुष्काळी खेडी पत्करली. लोक म्हणाले, आधी पाणी. मग हे डॉक्टर बोअरच्या मागे लागले. हातपंप बसवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तो दलित वस्तीत बसवण्याचा आग्रह धरला. पाणी हवं असेल, तर साऱ्या गावाने त्या वस्तीत यायचं! पुढे त्यांनी खेड्यातल्याच बायांना आरोग्यसेविका केलं. कितीतरी जणींना अक्षरओळखही नव्हती. त्या बाळंतपणं करू लागल्या, घरोघर जाऊन आया-मुलांची काळजी घेऊ लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला मात्र त्या पुरस्काराहून तो हातपंप मोठा वाटतो. पंपाची जागा ठरवणं हे तसं तांत्रिक काम, पण प्रभूवरची त्यांची श्रद्धा मला त्या निर्णयात दिसते.

लूकच्या शुभवर्तमानात जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येऊन विचारतात, आम्ही काय करावं? योहान त्यांना नोकरी सोडून अरण्यात या, असं सांगत नाही. ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका, कोणाला धमकावून पैसे उकळू नका, पगारात समाधान माना, एवढंच सांगतो. किती रोखठोक उत्तर! पौल तर तंबू शिवून पोट भरत होता आणि प्रभू येशूला गावातले लोक सुतार म्हणूनच ओळखत होते.

माझी सगळी नोकरी बांधकामात गेली. झालेल्या कामापेक्षा मोजमाप वहीत जास्त लिहा, असं सांगणारी माणसं भेटली आणि टक्केवारी ठरवणारीही भेटली. तिथे माणूस एकटा पडतो. घरचे हप्ते असतात, बदलीची भीती असते. रविवारच्या उपदेशात अशा माणसाच्या वाट्याला फार थोडं येतं, ही माझी जुनी खंत आहे. रात्रपाळीच्या परिचारिकेने अकराव्या रुग्णाशी मायेने कसं बोलावं, मजुरांची हजेरी मांडणाऱ्या कारकुनाने मुकादमाचा दबाव कसा झेलावा, यावर मंडळीत बसून बोलायला हवं. टेबलावर क्रूस ठेवावा, जेवणाच्या सुट्टीत प्रार्थनाही करावी. पण समोर खेटे घालणाऱ्या म्हाताऱ्याचा दाखला त्याच दिवशी मिळाला नाही, तर त्या क्रूसाची साक्ष त्याला कशी पटणार? आपले सहकारी सर्व धर्मांचे आहेत. त्यांचा विश्वास आपल्या कामातूनच संपादन करायचा आहे.

म्हणून या परिषदेत आम्ही व्याख्यानं कमी आणि गटचर्चा जास्त ठेवल्या आहेत. शिक्षक, डॉक्टर व परिचारिका, सरकारी कर्मचारी आणि दुकानदार-उद्योजक असे गट दुपारी वेगवेगळे बसतील. प्रत्येकाने आपल्या कामातला एक खरा पेच तिथे मांडावा. सल्ला देण्याची घाई नको, आधी ऐकून घेऊ. तिथे बोललेलं त्या खोलीबाहेर जाणार नाही, हा शब्द स्वागत समितीच्या वतीने मी आपल्याला देतो.

निवासाची आणि जेवणाची व्यवस्था इथल्या मंडळीतल्या कुटुंबांनी आनंदाने पत्करली आहे.  आता अध्यक्षांना विनंती करतो की त्यांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत.